बाबूरावांचा कारखाना

आपल्याकडे आडनावावरून माणसाचा धंदा ओळखण्याची सोय फार जुनी आहे, पण आता ती निरुपयोगी झाली आहे. कुलकर्ण्यांच्या घरात तीन पिढ्यांत कोणी दप्तर पाहिलेले नसते, पाटलांचे चिरंजीव बँकेत कारकुनी करतात, आणि सुतारांच्या दुकानात मोटारीचे टायर मिळतात. धंदा बदलतो, आडनाव मात्र जिथल्या तिथे राहते. कोल्हापुरात एका गृहस्थाच्या बाबतीत नेमके उलटे झाले. त्यांचे वडिलोपार्जित आडनाव मेस्त्री. पण ज्या कामात ते रंगले त्या कामाचा इंग्रजी शब्दच लोकांनी त्यांच्या नावाला जोडला, आणि तो असा चिकटला की आज 'बाबूराव मेस्त्री' म्हटले तर खुद्द कोल्हापुरातही चारजण तोंडाकडे पाहतील. बाबूराव पेंटर म्हटले की मग ओळख पटते.

त्यांचा जन्म ३ जून १८९० चा आणि मृत्यू १६ जानेवारी १९५४ चा, दोन्ही कोल्हापुरातच. 'मूकपटांच्या काळातले मोठे दिग्दर्शक' एवढी त्यांची ओळख बहुतेक सुशिक्षित घरांतून असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. ती अपुरी का, हे मला माझ्या पुतणीच्या एका प्रश्नामुळे नीट सांगावेसे वाटले.

मी कोल्हापुरातच चित्रकलेचा मास्तर म्हणून तीस वर्षे घालवली. मुलांच्या वह्यांतले आंबे आणि कळशा तपासता तपासता माझे केस पिकले. माझी पुतणी मुंबईस असते. तिचे काम असे की झोपडवस्तीतल्या पोरापोरींना गोळा करावयाचे, त्यांच्या हाती कॅमेरा द्यावयाचा, आणि त्यांच्याच नळाची, गटाराची, धुणीभांडी करणाऱ्या आईची लहानलहान चित्रफीत त्यांच्याकडूनच करवून घ्यावयाची. तिच्या नावाच्या कार्डावर 'सोशली एंगेज्ड मीडिया आर्टिस्ट' आणि खाली 'वर्कशॉप ऑर्गनायझर' असे छापलेले आहे. ते वाचून आमच्या वहिनी म्हणतात, "लोक विचारतात मुलगी काय करते, तर मी ह्यातलं नेमकं काय सांगू?" वहिनींचा हा प्रश्न आम्ही हसून सोडून देत आलो. पण गेल्या खेपेस पुतणीनेच मला विचारले, "काका, आठ वर्षं झाली. माझी स्वतःची म्हणावी अशी एक फिल्म नाही. मी शिकवलेली मुलं कुठे कुठे नोकऱ्या धरतात, पुढे जातात, आणि मी पुन्हा नव्या पोरांना 'कॅमेरा असा धर' म्हणून सांगत बसते. तुम्हीच सांगा, माझ्या हाती काय राहिलं?"

मास्तरांना हा प्रश्न नवा नसतो, फक्त तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. मी तिला एवढेच म्हटले की तुझ्या कार्डावरचा धंदा कोल्हापुराला नवीन नाही. शंभर वर्षांमागे तो एका माणसाने येथे केला, आणि त्याचे काय झाले ते तू ऐक. तिला जे सांगितले तेच थोडे सविस्तर येथे मांडतो.

पडदे रंगवणारे हात

बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. घराणे कारागिराचे. लाकूड, लोखंड, माती, रंग, सगळे घरातच. नात्यातले भाऊ आनंदराव हे त्यांचे जोडीदार, आणि चित्रकलेत हात असा की आनंदरावांनाही लोक पेंटरच म्हणत. १९१० ते १९१६ ह्या काळात ह्या दोघा भावांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ. नुसता राजवाड्याचा पडदा वर गेला की प्रेक्षक टाळ्या पिटीत. दूरवर जाणारा रस्ता, खांबांच्या रांगा, चांदणे, असे सगळे एका सपाट कापडावर खरे भासवावयाचे, म्हणजे यथार्थदर्शनाचे गणित पक्के हवे. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे दोन तरुण ह्याच कामात त्यांच्या हाताखाली तयार झाले.

गावही तसेच होते. शाहू महाराजांचे राज्य, आणि महाराजांना मल्ल, गवई, नट, चित्रकार ह्या सर्वांचा सारखाच षौक. गाण्यात अल्लादियाखाँसाहेब, चित्रात आबालाल रहिमान, रंगभूमीवर केशवराव भोसले. तालमीत लाल माती, आणि दोन गल्ल्या पलीकडे रंगाचे डबे. अशा गावात कलावंत होणे म्हणजे काही घरावर आपत्ती कोसळली असे कोणी मानीत नसे.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि ह्या दोघा भावांची झोप उडाली. ज्या रस्त्याचा केवळ भास निर्माण करण्यात आपण महिने घालवतो, तो रस्ता येथे खराच आहे आणि त्यावरून माणसे खरीच चालत जातात! पडदे रंगवणाऱ्याला ह्यातले मर्म दुसऱ्या कोणाहीपेक्षा लवकर उमगले असले पाहिजे. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक जुना प्रोजेक्टर आणला. आधी दुसऱ्यांची चित्रे दाखवावयाची, ती पुन्हा पुन्हा पाहावयाची, आणि पाहता पाहता ही विद्या उलगडावयाची, असा त्यांचा अभ्यासक्रम.

लेथवर झालेला कॅमेरा

फाळक्यांनी आपला कॅमेरा विलायतेहून आणला होता. कोल्हापूरकरांपाशी तेवढा पैसा नव्हता, आणि त्यातून महायुद्ध सुरू झालेले. तेव्हा कॅमेरा येथेच करावयाचा असे ठरले. हे वाक्य वाचावयास सोपे आहे. करावयास किती अवघड, ते समजण्यासाठी त्या यंत्राच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

चित्रपटाच्या फितीला दोन्ही कडांनी बारीक भोके असतात, एका चौकटीला एका बाजूस चार. कॅमेऱ्यातले एक नखासारखे अवजार त्या भोकांत शिरते, फीत बरोबर एक चौकट खाली ओढते, आणि सोडून देते. फीत क्षणभर अगदी निश्चल राहते, तेवढ्यात भिंगापुढची झडप उघडते, उजेड आत येतो, चित्र उमटते, झडप मिटते, आणि पुन्हा ओढाओढ. मूकपटाच्या काळात हे सर्व हाताने मूठ फिरवून व्हावयाचे, सेकंदास सुमारे सोळा वेळा. सोळा चौकटी म्हणजे एक फूट फीत. नख केसभर जरी मागेपुढे झाले तरी पडद्यावर सारे जग थरथरू लागते. चित्रकाराची नजर येथे कामाची नाही. येथे घड्याळजीचा हात हवा आणि लोहाराचा धीर हवा.

प्रयत्न चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. ज्याच्या जोडीने स्वप्न पाहिले तो गेला. बाबूरावांनी काम सोडले नाही. दामल्यांना बरोबर घेऊन त्यांनी ते पुढे नेले आणि १९१८ साली कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा चालू लागला. आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि भट्ट्या रात्रंदिवस चालतात, येथले ओतीव काम देशभर जाते. माझी पुतणी 'वर्कशॉप' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे सतरंजीवर गोलाकार बसलेली मुले येतात. आमच्या गावात वर्कशॉप म्हणजे जेथे लोखंडाचा कीस जमिनीवर पडतो ती जागा. बाबूरावांच्या घरी ह्या दोन्ही अर्थांचे वर्कशॉप एकाच छपराखाली होते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कारखाना की शाळा?

महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ च्या डिसेंबरात उभी राहिली. तिच्या जन्माची तारीख १ डिसेंबर मानतात आणि त्या दिवशी खरी कॉर्नरच्या स्तंभापाशी अजून कॅमेऱ्याची पूजा होते. भांडवल दिले कोणी? सावकाराने नव्हे, सरदाराने नव्हे. ते दिले तानीबाई कागलकर ह्या गायिकेने. प्रतिष्ठित घरांतून ज्या बाईचे गाणे ऐकावयाचे पण जिला पंक्तीला बसवावयाचे नाही अशी ती रीत, आणि महाराष्ट्राच्या चित्रपटधंद्याची पहिली मोठी शाळा तिच्या पैशावर उभी राहिली. हे आपल्या मुलांना सांगावयास हरकत नाही.

शाळा हा शब्द मी मुद्दाम वापरला. कंपनीत कोणाला एकच काम नसे. दामले यंत्र पाहत, फत्तेलाल कला पाहत, आणि दोघेही जेथे हात कमी पडेल तेथे जात. व्ही. शांताराम नावाचा पोरगेला तरुण येथे आला तो पडेल ते काम करणारा उमेदवार म्हणून. १९२१ च्या 'सुरेखाहरण' मध्ये तो पडद्यावर दिसला. केशवराव धायबर येथेच घडले. बाबूराव आणि भालजी पेंढारकर हे बंधूही ह्याच वर्तुळातले. दामले ब्राह्मण, फत्तेलाल मुसलमान, गुरू कारागिराच्या घरचे, पैसा गायिकेचा. ज्या काळी पाणी कोणाच्या हातचे प्यावे ह्यावर सभा भरत, त्या काळी ही मंडळी एकाच अंधाऱ्या खोलीत फीत धूत होती. शाहू महाराजांच्या गावात हे घडले ह्यात आश्चर्य नाही, पण घडले खरे.

ह्या शाळेचा अभ्यासक्रमही पाहण्यासारखा होता. बाबूराव दृश्य घेण्यापूर्वी ते कागदावर रेखाटीत. पात्र कोठे उभे राहील, कपडे कसे असतील, उजेड कोणीकडून येईल, हे सर्व आधी पेन्सिलीने ठरलेले असे. ज्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षे पडदे रंगवण्यात घालवली त्यांनीच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला आणि त्या जागी खरी भिंत, खरा दरवाजा, खरी जोती उभी केली. 'सिंहगड' १९२३ चा. त्यात रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. त्यापूर्वी सूर्य मावळला की कंपनीची सुट्टी होई!

जाहिरातही ते स्वतःच्या हाताने करीत. चित्रपटाची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत आणि प्रेक्षकांसाठी कथानकाची, छायाचित्रांची छापील पुस्तिका काढीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना' चे भित्तिपत्रक आपल्या देशातील जुन्यांत जुन्या टिकून राहिलेल्या भित्तिपत्रकांत गणले जाते. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा हजारो लोकांशी हा माणूस भिंतीवरून बोलत होता. पुतणीच्या कार्डावरचा 'मीडिया' हा शब्द मला येथे प्रथम पटला.

कंपनीचा पहिला मोठा चित्रपट 'सैरंध्री', १९२० चा. तोवर बायकांची कामे बहुधा पुरुषच करीत. 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई ह्या दोन स्त्रिया पडद्यावर आल्या, पडद्यावरची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी. त्या काळी हे करणे म्हणजे आपल्या समाजाकडून स्वतःवर दरवाजा लावून घेणे होते. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वठला की सरकारी कात्रीने तो गाळला. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हे चित्र पाहिले आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच लोकमान्य गेले.

सावकारी पाश

एवढे यश मिळाल्यावर एखादा शहाणा माणूस देवादिकांच्याच कथा काढीत राहिला असता. प्रेक्षकांना त्या हव्या होत्या आणि तिजोरीलाही हव्या होत्या. १९२५ साली बाबूरावांनी शेतकऱ्याच्या कर्जावर चित्रपट काढला.

सावकारीचे दुखणे दख्खनला जुने. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि त्यांचा सारा रोख होता कर्जरोख्यांच्या कागदांवर. ते कागद काढून जाळावयाचे, माणसांना शक्यतो हात लावावयाचा नाही. दंगा गावोगाव पसरला आणि चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. कायदा झाला, पण अंगठा उठवणारा आणि अंगठा उठवून घेणारा ह्यांचे नाते कायद्याने सहसा बदलत नाही.

कोरेगावचे कादंबरीकार नारायण हरी आपटे ह्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' तयार झाला. एक शेतकरी, थोडीशी जमीन, आणि एक सावकार. जमीन जाते, तो तरुण शेतकरी गाव सोडतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तो तरुण झाला होता शांताराम, आणि सावकार झुंझारराव पवार. ह्यात ना चमत्कार, ना आकाशातून येणारे विमान. अंधुक उजेडातली एक झोपडी आणि बाहेर तोंड वर करून रडणारे कुत्रे, असे एक दृश्य त्यात होते. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येत नाही, ते नुसते दिसते. पण जे. बी. एच. वाडियांसारख्या, ह्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ते पुढे कित्येक वर्षे विसरता आले नाही.

सालाकडे लक्ष द्या. १९२५. त्याच वर्षी तिकडे रशियात 'बॅटलशिप पोटेमकिन' निघाला आणि जगभर गाजला. इटालीतला 'बायसिकल थीव्हज' निघावयास अजून तेवीस वर्षे होती. कर्जापायी जमीन गमावण्याच्या काठावर येऊन शहरात राबावयास जाणारा शेतकरी आपण सर्वांनी पुढे बिमल रॉय ह्यांच्या 'दो बिघा जमीन' मध्ये पाहिला, बलराज साहनींच्या रूपात, १९५३ साली. म्हणजे कोल्हापूरच्या झोपडीनंतर अठ्ठावीस वर्षांनी.

जाणत्यांनी 'सावकारी पाश' वाखाणला. तिकिटाच्या खिडकीवर मात्र पाहिजे तसे स्वागत झाले नाही. दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसाला पडद्यावर पुन्हा स्वतःचेच कष्ट पाहावयाचे नसतात, आणि ज्याला कष्ट माहीत नाहीत त्याला ते पाहावयाचेच नसतात. कंपनी पुन्हा पुराणांकडे आणि इतिहासाकडे वळली. पण बाबूरावांच्या मनातून हा विषय गेला नव्हता. बोलपटांचा जमाना आल्यावर १९३६ साली, शालिनी सिनेटोनमध्ये, त्यांनी तोच 'सावकारी पाश' पुन्हा काढला. ज्या चित्रपटाने एकदा गल्ला भरला नाही तो अकरा वर्षांनी तोच माणूस पुन्हा करावयास घेतो, ह्याला काय म्हणावे? मी तरी ह्याला बांधिलकी म्हणतो. तेव्हा हा शब्द चलनात नव्हता, एवढेच.

आणि विषय तरी कोठे संपला? आपल्या राज्यात सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला तो २०१४ साली. गरज संपली असती तर कायदा कशाला केला असता?

शिष्य निघाले

आता गोष्टीचा अवघड भाग. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ह्या चौघांनी, सीताराम कुलकर्णी ह्यांच्या भांडवलाच्या आधाराने, कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. चौघेही बाबूरावांच्या कारखान्यात घडलेले. यंत्र जाणणारा, कला जाणणारा, छायालेखन जाणणारा आणि दिग्दर्शन जाणणारा, असे चारही हात एकदमच निघून गेले. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. थोड्या वर्षांत तिचे दार बंद झाले.

येथवर ऐकल्यावर पुतणी म्हणाली, "मग बाबूरावांना किती वाईट वाटलं असेल!"

"वाटलं असेलच की," मी म्हटले. "पण तू तुझ्या मुलांना शिकवतेस ती ती सगळी तुझ्याजवळच राहावीत म्हणून का?"

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही. पण जाताना त्यांनी मागं वळून बघावं असं वाटतं." हे तिचे म्हणणे मला खरे वाटले आणि मी त्यावर उपदेश केला नाही.

शिष्यांनी काय केले ते मात्र तिला सांगितले. १९३२ साली, कोल्हापुरातच, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' निघाला आणि मराठी पडदा बोलू लागला. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली. दामले आणि फत्तेलाल ह्यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' काढला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातली देहू पाहा. तुकोबाचे घर, जिजाईची म्हैस, अंगणातले शेण, सगळे वापरातले, राहते घर वाटते. रंगवलेला पडदा काढून खरी भिंत उभी करण्याचा धडा ह्या दोघांनी कोठे गिरवला होता ते आपण वर पाहिलेच. शांतारामांनी १९३७ साली 'कुंकू' काढला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी नवऱ्याला नवरा मानावयास नकार देते, ही ती गोष्ट. कथा कोणाची? त्याच नारायण हरी आपट्यांची. बारा वर्षांपूर्वी आपट्यांच्या कथेतला कर्जबाजारी शेतकरी होऊन ज्याने तोंडाला रंग लावला होता, तोच आता त्यांच्याच दुसऱ्या कथेतून समाजाला प्रश्न विचारीत होता. गुरूचा जो चित्रपट चालला नाही, त्याचे पीक शिष्याच्या शेतात आले.

मागे वळून पाहण्याचेही एक उदाहरण आहे. १९४७ साली शांतारामांच्या राजकमलने 'लोकशाहीर रामजोशी' काढला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर ह्यांची कामे, गदिमांची लेखणी, आणि तो महाराष्ट्रभर धो धो चालला. त्याच्या दिग्दर्शनावर दोन नावे आहेत, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. ज्या कंपनीत शांताराम पडेल ते काम करावयास शिरले, तिच्या मालकाला सत्तावीस वर्षांनी त्यांनी आपल्या कंपनीत खुर्ची दिली. ह्यापलीकडे गुरुदक्षिणेची चर्चा मला करता येत नाही.

बाबूराव ह्या मधल्या काळात हातावर हात ठेवून बसले नव्हते. 'उषा', 'प्रतिभा' असे बोलपट त्यांनी केले, तैलचित्रे रंगवली, पुतळे घडवले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात आधी विल्सन ह्या इंग्रज गव्हर्नराचा पुतळा होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत लोकांचा राग त्याच्यावर निघाला आणि १९४५ साली त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, तो बाबूरावांच्या हातचा. म्हणजे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीही गावाला जे हवे होते ते मातीत घडवून देणारा हा मेस्त्री होताच.

उरले काय?

आता पुतणीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हाती काय राहिले?

हिशेब सरळ मांडला तर फार थोडे. मूकपटाची फीत ज्या द्रव्याची असे ते भडकन पेट घेणारे. ठेवली तर उन्हाळ्यात सडे, आणि सडली नाही तर तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी लोक ती विकून टाकीत. आपल्या देशात हजारावर मूकपट निघाले, त्यांतले आज थोडेसेच शिल्लक आहेत. जुने चित्रपट जपण्यासाठी पुण्यास राष्ट्रीय संग्रहालय निघाले ते १९६४ साली, म्हणजे बाबूराव जाऊन दहा वर्षे झाल्यावर. 'सैरंध्री' नाही, 'सिंहगड' नाही, १९२५ चा 'सावकारी पाश' नाही. रडणारे कुत्रे पाहिलेला माणूसही आता कोणी नाही. कलावंताच्या कीर्तीचे गाठोडे म्हणून विचाराल तर ते जवळजवळ रिकामे आहे.

पण शाळेचा हिशेब वेगळ्या वहीत लिहावा लागतो. ज्या माणसाने कॅमेरा विकत न घेता घडवला, त्याच्याजवळ कॅमेऱ्याविषयी लपवून ठेवण्याजोगे काहीच राहत नाही. यंत्र उघडलेले असते, सुटे भाग टेबलावर पडलेले असतात, आणि शेजारी उभा असलेला पोरगा ते पाहत असतो. आपल्याकडे पुष्कळ विद्या अशा नष्ट झाल्या की उस्तादाने शेवटचा एक डाव शिष्याला दिला नाही. बाबूरावांच्या शिष्यांनी स्वतंत्र होऊन गुरूच्या कंपनीशीच सामना दिला, ह्याचा अर्थ उघड आहे. तेथे शेवटचा डावही शिकवला गेला होता.

आज कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर ह्यांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे. ती देशोदेशीचे चित्रपट गावाला आणून दाखवते. बाबूरावांनी तरी आरंभ दुसऱ्यांचे चित्रपट दाखवण्यानेच केला होता. आणि प्रभातचे म्हणाल तर ती कंपनी पुढे बंद पडली. तिच्या पुण्याच्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली, जी आज देशभर फिल्म इन्स्टिट्यूट ह्या नावाने माहीत आहे. कोल्हापूरच्या कारखान्यात शिकलेल्या चौघांनी उभारलेल्या जागेवर पुन्हा शाळाच भरली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले तेथे येतात. त्यांच्यापैकी किती जणांना बाबूराव मेस्त्री हे नाव ठाऊक असेल, ते सांगवत नाही. परंतु सकाळची वेळ झाली की त्या आवारात कोणी तरी कोणाला तरी कॅमेरा कसा धरावा ते दाखवीत असते.